चातुर्मासात काय सोडलं

"अगं आई, तळहातावर नाही घ्यायची!"

ऋजुता एवढ्यानं ओरडली की माझ्या हातातला काचेचा पेला डुचमळला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पेल्यातले चार थेंब मी उजव्या तळहाताच्या खळग्यात ओतले होते, ओठांशी नेले होते, आणि सवयीनं तो ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवलाही होता.

माझी मुलगी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग टेबलाला धरून हसत सुटली.

"तीर्थ नाहीये ते. वाइन आहे."

"मला काय माहीत? थोडीशी घे म्हणालीस, घेतली."

"पेल्याला तोंड लावून घ्यायची."

"उष्टा करू पेला?"

"कर. धुतात इथे. साबणानं." हसू आवरत तिनं दुसरा पेला पुढे केला. "हे असं देठाला धरायचं. आणि आधी पिण्याचं नावच नाही. आधी नाक आत घालायचं."

"नाक?"

"पूर्ण. आणि हुंगायचं."

देवाला वाहायचं फूल कधी हुंगायचं नाही, असं मला परकर नेसायला लागल्यापासून शिकवलेलं. आणि इथं, दिंडोरी रस्त्यावरच्या एका वाइनच्या कारखान्यात, साठीच्या उंबरठ्यावर, कपाळाला गोपीचंदन लावून मी पेल्यात नाक खुपसून उभी होते.

"काय वास येतो?" तिनं विचारलं.

"वाइनचा."

"आई!"

"बरं. खोकल्याच्या औषधाचा."

या वेळी ती हसली नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत नाक आत घातलं.

ती का हसली नाही ते सांगायला हवं. ऋजुता त्या कारखान्यात वाइन करायचं काम करायची. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या सोडून ती हे शिकली होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मालकानं एक तांबडी वाइन सर्वस्वी तिच्यावर सोपवली होती. वेगवेगळ्या पिंपांतली वाइन चाखून, कुठलीत कुठली मिसळायची ते दसऱ्याच्या आत ठरवायचं होतं. आणि त्या साथीच्या तापातून उठल्यापासून माझ्या मुलीला वासच येत नव्हता. गॅसवर दूध करपलं तरी कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, येईल, धीर धरा. मालक धीर धरणारा नव्हता. नाक गेलेली वाइनवाली त्याला कशाला हवी?

"जिभेवरचं मला कळतं," ती मला एका संध्याकाळी म्हणाली होती. "आंबट, गोड, तुरट, सगळं. फक्त नाक नाही. आई, तू देवळात नैवेद्य करतेस ना, न चाखता? मग आमटीत मीठ पडलंय की नाही, कसं ओळखतेस?"

"वाफेवरनं."

"म्हणजे वासानं."

"हुंगत नाही मी. वाफ येते, ती नाकात जाते."

"तेच. ते नाक मला दे थोडे दिवस."

आमच्या आळीत लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. तिथल्या सोवळ्यातल्या स्वयंपाकाची पाळी लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे. देवाच्या आधी जिभेवर कण ठेवायचा नाही, हा तिथला नियम. माझी थोरली नणंद गोदाक्का, देवळाची सगळी व्यवस्था पाहणारी, तिनंच मला तिथं उभं केलं आणि तिनंच वाफ ओळखायला शिकवली. हे गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा मी त्या चुलीपाशी तगले. सकाळी सहस्रनाम, वाती, पूजा होईतो मौन, सोमवार, एकादशी, कांदा-लसूण वर्ज्य. एवढ्या सगळ्या नेमांत दारू चाखायची नाही असा नेम मात्र मी कधी केलेला नव्हता. करायची वेळच आली नव्हती.

मी ऋजुताला म्हटलं, "गिळणार नाही."

"गिळायची नसतेच. चाखून थुंकायची. बादली असते."

मग दर बुधवारी पूजा आटोपली की मी बसनं जायला लागले. "आईला शिकायचीय हौस म्हणून," असं तिनं मालकाला सांगून ठेवलं. त्याला गंमत वाटली. म्हणाला, येऊ देत काकूंना.

थुंकणं हेच पहिल्यांदा जमेना. तोंडात घोळवायची, गालांत फिरवायची, ओठांतून जरा हवा आत ओढायची, त्याचा चुळकन आवाज व्हायचा आणि मला शरमेनं हसू यायचं. आणि मग चारचौघांत बादलीत थुंकायचं. निम्मी पदरावर यायची. ऋजुता म्हणायची, "तुळशीला पाणी घालतेस तशी धार सोड." मी म्हणायचे, "तुळशीचं नाव इथं काढू नकोस."

वासांची नावं येईनात. ती इंग्रजी फळांची नावं घ्यायची, जी मी जन्मात पाहिली नव्हती. शेवटी वैतागून म्हणाली, "तुझ्या घरातलं सांग. जे आठवेल ते." तेव्हा कुठे गाठ सुटली. एका पांढऱ्या वाइनला मी म्हटलं, पिकायला आलेला पेरू, आणि चिरलेली ढोबळी मिरची. तिनं भराभर मान हलवली. एका पिंपाला म्हटलं, फडताळात मागे राहिलेली वेलदोड्याची डबी. एकीला ताक घुसळताना वर आलेलं लोणी. एका पिंपाशी मात्र पेला नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"काय?"

"दोन दिवस पाण्यात राहिलेलं निर्माल्य."

ऋजुताचा चेहरा उतरला, आणि लगेच कामाला लागला. "हवा मिळाली नाही त्याला. तांबं लागेल. तुझी पूजेतली तांब्याची पळी..."

"मिळणार नाही."

"अगं, बुडवून बघायचीय फक्त."

"देवाची आहे. भांडी बाजारातून नवी आणते."

नवी आणली. तिनं पेल्यात ती पळी ढवळली, म्हणाली, आता बघ. निर्माल्य गेलं होतं. खाली जांभूळ होतं, नुसतं जांभूळ. मी अवाक झाले. ते पिंप कसं सुधारायचं ते सगळं तिला येत होतं. फक्त ते बिघडलंय हे कळायला तिला माझ्याकडे बघावं लागत होतं. मी वास सांगायचे, ती डोळे मिटून ऐकायची, मग जिभेवर घेऊन म्हणायची, तुरट आहे अजून, थांबायला हवं. आम्ही दोघी मिळून एक माणूस झालो होतो.

आषाढातल्या एका बुधवारी तिनं एका कोपऱ्यातल्या पिंपातली काढली. शिराझ, काळ्या द्राक्षांची. ही मिसळणीचा कणा, म्हणाली. मी पेला फिरवला. मिरी आली आधी. मग जांभूळ. आणि त्याच्या पाठीमागे, लांब, धूप विझल्यावर गाभाऱ्यात जे राहतं ते.

"अजून सांग," ऋजुता म्हणाली.

मी घोट तोंडात घेतला. बादली माझ्या पायाशी होती.

"आई?"

"चांगली आहे," मी म्हटलं. "ही ठेव."

त्याच बुधवारी कुणीतरी माझा फोटो काढला. आमच्या भजनी मंडळातल्या खांबेटेबाईंचा भाचा मित्रांना घेऊन कारखाना पाहायला आला होता. संध्याकाळच्या आत तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर होता. इरकली लुगडं, कपाळी गोपीचंदन, डोळे मिटलेले आणि नाक तांबड्या पेल्यात. खाली खांबेटेबाईंनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. नुसती चित्रं. शब्द एक नाही.

दुसऱ्या दिवशी गोदाक्का घरी आली. चहा घेतला नाही.

"डोळे मिटलेयस," ती फोन माझ्यापुढे धरून म्हणाली. "जशी काही काकडआरती चाललीय."

"वन्सं, लक्ष लागावं म्हणून मिटले."

"जपाला लागत नाही का लक्ष?"

"लागतं."

"माझा भाऊ असता तर?"

"तर त्यांनाही नेलं असतं."

मी हे हळूच म्हणाले. मी सगळंच हळू बोलते. गोदाक्का मात्र चपराक बसल्यासारखी मागे सरकली. मग तिनं स्वतःला सावरलं. ती वाईट बाई नव्हती. ती मला वाट काढून द्यायलाच आली होती.

"हे बघ शालन. परवा एकादशी. चातुर्मास बसतो. सगळ्या जणी काहीतरी सोडतात, तू हे सोड. सगळ्यांसमोर म्हण, तिकडे जाणं सोडलं. संपलं. होतं माणसाला एखादं खूळ. पण नाही म्हणालीस तर नैवेद्याची पाळी तुझ्याकडे राहणार नाही. मंडळातल्या नीलाला ती घ्यायला सांगून ठेवलंय मी. देवाच्या चुलीपाशी असलं चालायचं नाही."

ती गेल्यावर ऋजुता आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी सांगते आत्याला. माझ्यासाठी करतेयस म्हणून सांगते."

"म्हणजे उद्या तुझ्या मालकाला कळेल."

"कळू दे. तुझी चूल जाण्यापेक्षा ते बरं."

"गप्प बस आणि जेव," मी म्हटलं. त्या रात्रीच्या आमटीत मीठ पडलं नव्हतं. मला ते जेवताना कळलं.

एकादशीला देवळाच्या सभामंडपात आम्ही बायका गोलात बसलो. बाहेर पाऊस लागून राहिला होता, आत ओल्या लुगड्यांचा आणि खिचडीतल्या जिऱ्याचा वास. आमच्याकडची पद्धत अशी, की एकेकीनं पुढे जायचं, देवासमोर हातावर पाणी घ्यायचं, चार महिने काय सोडलं ते मोठ्यानं बोलायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. आवडतं तेच सोडायचं, नावडतं सोडण्याला अर्थ नाही. आणि कार्तिकीला सांगता करून, जे सोडलं ते देवापुढे ठेवून परत घ्यायचं.

खांबेटेबाई पहिल्या. "मी कारलं सोडते."

"यंदाही कारलंच?" कुणीतरी मागून म्हणालं.

"अहो, जीव आहे माझा कारल्यावर."

"मग गेल्या आठ महिन्यांत आणलंत का कधी?"

हशा पिकला. खांबेटेबाईंनी नाक मुरडत पाणी सोडलं. नीलानं चहा सोडला, तेव्हा सगळ्या हळहळल्या. कुणी वांगं, कुणी मालिका बघणं. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी उठले. पाण्यासाठी हात पुढे केला. पळी गोदाक्काच्या हातात होती. तिनं ती लगेच वाकवली नाही.

"आधी एक विचारते, शालन," ती म्हणाली. स्वर मऊ होता. "थुंकून टाकतात म्हणे ते. म्हणजे चूळच की. तसं असेल तर तसं सांग. कधी गिळलीस का?"

मी तोंड उघडलं. आणि पायरीवरून आवाज आला, "आत्या, आई ते माझ्यासाठी..."

ऋजुता. कारखान्यातून तशीच आलेली, बूट चिखलानं माखलेले, केस गळत होते.

"ऋजू," मी म्हटलं.

मी आवाज चढवलेला तिनं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. बाकीच्यांनीही नाही. बाहेरची कबुतरं उडाली असं मला आपलं वाटलं.

"बूट काढून आत ये, नाहीतर तिथंच थांब. प्रश्न मला विचारलाय. उत्तर मी देणार."

ती थांबली. मला दिसत होतं, तिच्या ओठांवर ते वाक्य तसंच होतं. ती ते बोलली असती तर तिथल्या तिथं सगळं निवळलं असतं. मुलीसाठी केलं म्हटल्यावर त्याच बायका माझ्या पाया पडल्या असत्या. खांबेटेबाईंनी डोळे पुसले असते.

"एकदा गिळली," मी म्हटलं.

"चुकून," गोदाक्का पटकन म्हणाली. ती अजूनही मला वाट देत होती.

"नाही, वन्सं. मुद्दाम. बादली पायाशी होती."

"का पण?"

"आवडली म्हणून."

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. 

"त्यात जांभूळ होतं," मी म्हटलं. "मिरी होती. आणि सर्वांत मागे या गाभाऱ्यातला धूप होता, विझल्यानंतरचा. देवानं केलेलंच सगळं. मी त्याच्याच पायाशी उभी राहून सांगतेय, मला लाज वाटली नाही. वाटली असती तर आज इथं आलेच नसते."

"मग सोड की!" गोदाक्काचा धीर सुटला. "आवडतंय ना? आवडतं तेच सोडायचं असतं!"

"सर्वांत आवडतं ते, वन्सं. तुम्हीच शिकवलंत."

मी हात तिच्या पळीखाली नेला. सगळ्यांच्या देखत ती मागे घेऊ शकत नव्हती. पाणी पडलं. ते तळहातावर गार लागलं. मी देवाकडे पाहिलं, गोदाक्काकडे पाहिलं नाही.

"मी या देवळातली नैवेद्याची पाळी सोडते," मी म्हटलं. "आजपासून कार्तिकीपर्यंत. यापेक्षा मला दुसरं काही आवडत नाही."

आणि पाणी ताम्हनात सोडलं.

 नीला खाली मान घालून बसली होती. खांबेटेबाईंचं तोंड उघडं होतं. गोदाक्का काढून घेणार होती ते मी देऊन टाकलं होतं, आणि दिलेलं कुणाला नव्हे, देवाला. आता कार्तिकीला ते परत घेण्यापासून मला कुणी अडवू शकत नव्हतं. गोदाक्काला हे माझ्याइतकंच कळत होतं. हे नियम तिच्याच तोंडून मी ऐकले होते.

"कार्तिकीला सांगता," ती शेवटी म्हणाली, पळी खाली ठेवत.

"हो. येईन मी."

पायरीवर ऋजुता रडत होती की भिजली होती, कळत नव्हतं. "तू कशाला आलीस?" मी तिला विचारलं. "आणि बूट एवढे चिखलाचे. घरी चल."

ते चार महिने मला जड गेले. दुपारी बारा वाजता देवळाची घंटा वाजली की मी आपोआप हात ओले करायला उठायचे. घरच्या देव्हाऱ्यापुढे वाटीभर भात ठेवायचे, पण मोठ्या पातेल्याच्या वाफेची सर त्याला नाही. रस्त्यात भेटल्या तर काही जणी बोलायच्या, काही दुकानात शिरायच्या. बुधवार मात्र एक चुकला नाही. भाद्रपदात ऋजुतानं मिसळण ठरवली, दसऱ्याच्या आत मालकापुढे ठेवली, आणि त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली. तिची नोकरी राहिली. त्या बाटलीवर कुणाचं नाव नव्हतं, असतंही नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे मी तिच्या पाठीला उटणं लावत होते. पणतीच्या उजेडात ती अर्धवट झोपेत बसली होती. एकदम ताठ झाली.

"आई."

"काय गं? गार आहे का?"

"नागरमोथा," ती म्हणाली. "आणि आंबेहळद. आई, मला येतोय."

तिनं माझा उटण्याचा हात ओढून नाकाशी धरला आणि सोडेचना. आम्ही दोघी तिथंच न्हाणीत बसून राहिलो, पाणी निवत गेलं.

त्यानंतर तिला माझ्या नाकाची गरज उरली नाही.

कार्तिकी एकादशीला मी सांगता केली आणि द्वादशीला पहाटे सोवळं नेसून देवळाच्या मागच्या दारानं आत गेले. चूल पेटलेली होती. नीला बाजूला सरली, बिचारी सुटल्यासारखी दिसली. गोदाक्का चुलीपाशी पाटावर बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऋजूचं नाक परत आलं म्हणे," ती म्हणाली.

मी दचकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिवाळीला आली होती नमस्काराला. सगळं सांगितलं तिनं." गोदाक्का ज्वाळेकडे बघत होती. "त्या दिवशी बोलू दिलं असतंस तर चार महिने घरी बसली नसतीस."

"ते खरं, वन्सं. पण ती म्हणणार होती ते पुरतं खरं नव्हतं."

तिनं एक लाकूड आत सारलं. मग विचारलं, "आता तर कारण उरलं नाही. तरी जातेस?"

"दर बुधवारी."

पातेल्यात आमटी चढत होती. गोदाक्का पाटावरून उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि तिनं मला चुलीपाशी जागा करून दिली.

"बरं," ती म्हणाली. "उकळी आलीय. वाफ बघ."